सांडलं, तिथे थोडं थांबू या

या मननासाठी वेगळी बैठक लागत नाही. स्वयंपाकघरात ओट्याजवळ एक पाट नाहीतर स्टूल घ्या आणि टेका. वेळ सकाळचं जेवण उरकल्यानंतरची असावी. नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्यासारख्या गावात ही वेळ अकराच्या पुढे येते. मळ्यात जाणारे मळ्यात गेलेले असतात, मुलं शाळेत असतात, आणि घरात राहिलेल्या माणसाला पहिल्यांदा पाठ टेकायला मिळते. भांडी घासायची असतील तर राहू द्या. ओटा पुसायचा असेल तर तोही राहू द्या. आज पुसण्याआधी आपल्याला त्याच्याकडे पाहायचं आहे.

दोन-तीन श्वास सावकाश घ्या. आता ओट्याच्या डाव्या कडेपासून उजवीकडे नजर न्या, घाई न करता. गॅसच्या बर्नरभोवती दुधाचं करपलेलं कडं असेल. तेलाच्या बाटलीखाली चिकट गोल असेल. चहाच्या कपाची कड उमटली असेल. परातीशेजारी बाजरीचं पीठ, मिक्सरच्या झाकणातून उडालेल्या ठेच्याचे हिरवे ठिपके, खाली फरशीवर कांद्याची टरफलं. एकेक दिसेल तसं मनात त्याचं नाव घ्या. कुणामुळे झालं, हा प्रश्न आत्ता नको. हे सगळं आज या घरात दूध तापलं, चहा झाला, भाकरी थापली गेली, म्हणून आहे. ज्या घरात काही शिजत नाही त्या घराचा ओटा कोरडा राहतो.

आता यातली एकच गोष्ट घ्या. दुधाचं कडं घेऊ. देवळा तालुक्यातल्या पुष्कळ घरांत दूध गोठ्यातून थेट पातेल्यात येतं, आणि पाठ वळली की उतू जातं. ते का जातं, हे शांतपणे समजून घेतलं तर राग थोडा निवतो. दूध तापायला लागलं की त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश मिळून वर सायीचा पातळ पडदा धरतात. खालून वाफेचे बुडबुडे वर येतात, पण पडद्याखाली अडकतात. दाब वाढत जातो आणि एका क्षणी सगळा फेस पडद्यासकट उसळतो. पाणी असं उतू जात नाही, कारण त्याच्यावर साय धरत नाही. पातेल्यात पळी ठेवली की पडद्यात वाट होते आणि वाफ निघून जाते. म्हणजे जे घडलं ते दुधाच्या स्वभावानं घडलं. घरातल्या बाईच्या हलगर्जीपणावर ते ढकलण्याची आपल्याला सवय आहे. ती सवय क्षणभर बाजूला ठेवा आणि एक श्वास घ्या.

आता हात पुढे करा आणि ओट्यावरचं फडकं उचला. पुसू नका, नुसतं हातात धरा. ओलं आहे का? वास येतो का? ते मुळात कशाचं होतं, आठवतं का?

आपल्याकडे फडकं कुणी विकत आणत नसे. ते घरातच तयार होई, आणि त्याला वर्षं लागत. शेजारी मालेगाव आहे, यंत्रमागांचं गाव, त्यामुळे या भागाला सुती कापडाची सवय जुनीच. आजीचं नऊवारी लुगडं आधी सणावाराला, मग रोजच्या नेसण्याला, मग शेतात. विरलं की त्याची गोधडी शिवली जाई किंवा तान्ह्याचं दुपटं होई. दुपटंही जीर्ण झालं की मऊसूत तुकडे निघत आणि ते ओट्यावर येत. तिथून पुढे फरशीचं पोतेरं, आणि शेवटी चूल पेटवायला चिंधी. एका कापडाच्या अंगावरून घरातली दोन-तीन माणसं लहानाची मोठी होत. वापरून वापरून ज्याचे धागे मोकळे झाले तेच कापड सांडलेलं सर्वात चांगलं पिऊन घेतं.

हातातलं फडकं तसं आहे का, ते बोटांनी चाचपून पाहा. बहुतेक घरांत आता ते तसं नसतं. साड्या, ओढण्या, शर्ट पॉलिस्टरचे झाले. हवेतला ओलावा कापूस आपल्या वजनाच्या सुमारे 8 टक्के धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून जुन्या सिंथेटिक साडीचं फडकं पाणी पुढे ढकलत नेतं. बाईनं दोनदा पुसायचं, तिसऱ्यांदा पिळायचं, आणि तरी ओटा ओलाच. देवळ्याच्या पाचकंदील भागातल्या दुकानात गोळीबिस्किटांच्या शेजारी कागदी टॉवेलचा पांढरा रोल दिसतो, त्याचं एक कारण हेही आहे. शहराची हौस म्हणून आपण त्याच्याकडे बघतो. पण घरातलं सुती जुनेर संपत चाललं आहे, ही गरज त्या हौसेच्या मागे उभी आहे.

तो रोल घरात असेल तर त्याचा एक तुकडा फाडा. नसेल तर हातरुमालासारखा सुती तुकडा घ्या. वाटीत थोडं पाणी घ्या, चिमूटभर हळद टाकून रंग दिला तर अधिक चांगलं. कागदाचं फक्त टोक पाण्यात बुडवा आणि हात स्थिर ठेवा. आता काही करायचं नाही, नुसतं पाहायचं.

पाणी वर चढतं. कुणी ढकलत नाही, कुणी ओढत नाही, तरी ते उताराच्या उलट दिशेनं निघालेलं दिसतं. आधी झपाझप, मग हळू, मग इतकं हळू की चढतंय की थांबलंय कळत नाही. या संथपणाबरोबर आपला श्वास जुळू द्या. कागद म्हणजे झाडाच्या तंतूंची विस्कळीत जाळी. दोन तंतूंमध्ये केसाहून बारीक फटी असतात. तंतू सेल्युलोजचे असतात आणि सेल्युलोजला पाणी चिकटतं. एक कण चिकटतो, तो मागच्याला ओढून घेतो, तो त्याच्या मागच्याला. फटी जितक्या बारीक तितकं पाणी उंच जातं. रोलच्या कागदावर जी नक्षी उठवलेली असते ती शोभेची नाही. दोन पदरांमध्ये पोकळ्या राहाव्यात आणि त्यांत पाणी मावावं म्हणून ती असते. वहीच्या कागदाला शाई पसरू नये म्हणून खळ दिलेली असते, इथे ती मुद्दाम दिलेली नसते. उलट, ओला झाल्यावर त्याचा लगदा होऊ नये म्हणून त्यात एक राळ घातलेली असते.

कापूससुद्धा सेल्युलोजच आहे. सुती फडकं आणि हा कागद एकाच वस्तूचे बनलेले आहेत. आपल्या महाराष्ट्रात हे नातं फार जुनं आहे. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे. तिथल्या कागदी घराण्यांनी शतकानुशतके हातकागद केला. असा कागद चिंध्या कुटून, भिजवून, त्यांचा लगदा चाळणीवर उचलून होत असे. जुनं कापडच कागद होऊन पुन्हा माणसाच्या हाती येई. पुसण्यासाठीचा कागद मात्र अगदी अलीकडचा. अमेरिकेतल्या स्कॉट कंपनीकडे एकदा गाडीभर कागद फार जाड निघाला आणि ठरलेल्या कामाला चालेना. एका शिक्षिकेनं सर्दी झालेल्या मुलांना एकच टॉवेल नको म्हणून मऊ कागदाचे तुकडे दिले होते, ती गोष्ट मालकाला आठवली, असं सांगतात. 1907 साली तो कागद हात पुसण्यासाठी विकला गेला आणि 1931 साली स्वयंपाकघरासाठी रोल आला. एकाचा आजार दुसऱ्याला लागू नये, ही त्याच्या जन्माची काळजी होती. ती लक्षात ठेवली की कागद कुठे वापरायचा आणि कुठे नाही, हे आपोआप उलगडत जातं.

आता डोळे मिटून घरातले काही प्रसंग आठवू. एकेका प्रसंगाशी थांबू.

पहिला प्रसंग. घरात कोंबडी आणली आहे. धुताना पाणी ओट्यावर सांडलं, त्यात रक्ताचा अंश आहे. हात सवयीनं फडक्याकडे जातो. त्याच फडक्यानं थोड्या वेळानं मुलाचं ताट पुसलं जाणार आहे. 2018 साली मॉरिशस विद्यापीठाच्या संशोधकांनी घराघरातून महिनाभर वापरलेले 100 स्वयंपाकघरातले टॉवेल तपासले. त्यांतल्या 49 टॉवेलांवर जंतूंची वाढ आढळली. एकच टॉवेल सगळ्या कामांना वापरला गेला तिथे आणि तो ओलसर राहिला तिथे जंतू जास्त होते. मॉरिशस म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरंही नांदत आलेला देश. तिथल्या ओट्यांवर जे होतं ते आपल्या ओट्यावरही होणारच. कच्च्या मांसाचं, फुटलेल्या अंड्याचं, आजारी माणसाच्या ओकारीचं जे सांडतं ते कागदानं टिपावं, कागद टाकून द्यावा, मग जागा साबणाच्या पाण्यानं धुवावी. इथे कागद खर्चिक वाटत असेल तर दवाखान्याचा खर्च आठवावा.

दुसरा प्रसंग. काचेचा ग्लास फुटला. मोठे तुकडे वेचले, झाडू फिरवला, आता फरशीवर न दिसणारा चुरा आहे. तो फडक्यानं पुसला तर चुरा धाग्यांत अडकून राहतो आणि फडकं पिळणाऱ्या हाताला लागतो. कागदाची जाड घडी ओली करून फरशीवर दाबत न्या, चुरा तिला चिकटून येतो. मग ती घडी वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्यानं बांधून टाका. कचरा उचलणाऱ्याचाही हात असतो, हे इथे मनात आणा आणि एक श्वास त्याच्यासाठी घ्या.

तिसरा प्रसंग. पावसाची पहिली सर आली, घरात कांदाभजी झाली. झाऱ्यातून निथळलेली भजी आपण कशावर काढतो? बहुतेक घरांत कालच्या वर्तमानपत्रावर. छपाईच्या शाईतले रंग आणि इतर द्रव्यं गरम तेलात उतरतात आणि भज्यांबरोबर पोटात जातात. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2016 साली याबद्दल सूचना दिली आणि 2018 च्या नियमांत वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ ठेवायला, बांधायला मनाई केली. खाण्याच्या कामाचा म्हणून विकला जाणारा कोरा कागद इथे योग्य. तो नसेल तर चाळणीखाली ताटली ठेवून तेल निथळू द्यावं, तेही चांगलं.

चौथा प्रसंग वैशाखातला. लोणच्याच्या कैऱ्या फोडून झाल्या, बरणी धुऊन उन्हात ठेवली. आत एखादा थेंब राहिला तरी बुरशी धरते आणि वर्षाचं लोणचं जातं. बरणीच्या तळापर्यंत कोरडा कागद फिरवला की खात्री होते. धुतलेल्या कोथिंबिरीचं पाणी टिपून ती कागदात गुंडाळून ठेवली तर जास्त दिवस हिरवी राहते. सांडलेल्या तेलावर आधी कागद ठेवून ते पिऊ द्यावं, घासू नये, मग साबण. कागद नसेल तर चुलीची राख किंवा चिमूटभर पीठ टाकलं तरी तेल धरलं जातं. आपल्या आज्यांनी हेच केलं.

इतके प्रसंग आठवल्यावर मन म्हणेल, मग सगळंच कागदानं पुसू या. इथे पुन्हा थांबा आणि श्वासाकडे या.

देवळा तालुका सगळा सारखा नाही. गिरणाकाठी लोहोणेर, विठेवाडीकडे पाणी दिसतं. पूर्वेला उमराण्याच्या बाजूला उन्हाळा वाढला की टँकरची वाट पाहावी लागते. तिथल्या बाईला फडकं रोज उकळत्या पाण्यात धुवा, असं सांगणं सोपं नाही. तिच्यासाठी एखादा कागद म्हणजे वाचलेली बादली असू शकते. पण तो कागद कारखान्यात बनतानाही पाणी लागलंच होतं आणि लगद्यासाठी झाड लागलं होतं. पाणी दोन्हीकडे खर्च होतं, आपल्या विहिरीचं किंवा दुसऱ्या कुणाच्या नदीचं. म्हणून जे फडक्यानं निभतं ते कागदानं करू नये. सांडलेलं पाणी, चहा, ताक, ओट्यावरचं पीठ, धुतलेली भांडी, ही सगळी कामं सुती फडक्याची. भांड्यांना एक, ओट्याला दुसरं, फरशीला तिसरं, आणि त्यांची अदलाबदल होऊ द्यायची नाही. वापरून झालं की पिळून, झटकून, दोरीवर पसरून उन्हात. ऊन आपल्याकडे भरपूर आहे आणि फुकट आहे. कोरड्या फडक्यात जंतूंना वाढता येत नाही. कुबट वासाचा गोळा करून नळाशी टाकलेलं फडकं मात्र नको.

कागद घ्यायचाच तर उसाच्या चिपाडाच्या लगद्याचा मिळतो का, पाहावं. विठेवाडीच्या साखर कारखान्यामुळे बगॅस म्हणजे काय हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. त्याच चोथ्यापासून देशात कागद बनतो. वापरलेला कागद रद्दीत चालत नाही, कारण त्यातली राळ त्याला पुन्हा लगदा होऊ देत नाही. नुसत्या अन्नाचा, भाजीच्या पाण्याचा कागद उकिरड्यावर जाऊ शकतो, शेणाबरोबर कुजून शेतात परत जातो. फिनेल किंवा औषध पुसलेला कागद तिथे टाकू नये. आणि रोल ठेवताना तो गॅसच्या ज्योतीपासून लांब ठेवावा.

आता डोळे उघडून डागाकडे वळू. सगळं पुसलं जात नाही, हेही या मननात यायला हवं. हा डाळिंबाचा मुलूख आहे. दाणे सोलताना रस अंगावर उडाला नाही असं घर सापडणार नाही. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर असतं. सालीचा ओला डाग लोखंडी विळीला लागला की काळा पडतो, म्हणून कापड रंगवणारे ही साल जपून ठेवत. डाग ताजा असताना वरून कागद दाबून रस वर ओढून घ्यावा. घासला की तो धाग्यांत आणखी खोल जातो. हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, आपण घाबरतो. तो हळदीचा गुण आहे, क्षारानं ती लालसर होते. धुऊन उन्हात टाकलं की दिवसागणिक फिकट होते. काही डाग तरीही राहतात. ज्या पदरावर, ज्या टेबलावर तो राहिला तिथे बोट ठेवा आणि तो कोणत्या दिवसाचा आहे ते आठवा. बहुतेक वेळा घरात माणसं जमली होती असाच तो दिवस निघेल.

शेवटी आपल्या हाताकडे पाहा. तळवे मांडीवर उलटे ठेवा. या घरात आज सांडलेलं कोणत्या हातांनी पुसलं? काल? गेल्या वर्षी? 2019 साली देशभर वेळेच्या वापराची सरकारी पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं. त्याबरोबर हेही पाहा की कोणत्याही एका दिवशी घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात 26 होते आणि बायका 81. कांद्याच्या हंगामात इथली बाई दिवसभर शेतात कांदे काढते, खांडते, आणि संध्याकाळी घरी येऊन सगळ्यांनी सांडलेलं पुसते. रोल आणला म्हणून हे बदलत नाही. कागदानं तिची पाच मिनिटं वाचतील, पण पुसणारा हात तोच राहील.

गाडगे महाराज नाशकातही राबले, त्यांनी बांधलेली धर्मशाळा आजही तिथे आहे. अंगावर चिंध्यांचं वस्त्र, हातात खराटा. ते गावात येत आणि आधी स्वतः गाव झाडायला लागत, कीर्तन संध्याकाळी. दुसऱ्याला झाडायला सांगण्याआधी स्वतः झाडणारा तो माणूस होता. त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छतेचं अभियान राज्यात 2000-01 पासून चालतं, आणि गावं बक्षिसं मिळवतात. तेच पाऊल घराच्या आत, ओट्यापर्यंत यायला हवं. घरातल्या पुरुषानं उतू गेलेलं दूध पुसलं तर त्याचं कौतुक होऊ नये, ते रोजचं व्हावं. सहा वर्षांच्या मुलाच्या हातून पाणी सांडलं तर त्याला ओरडण्याऐवजी फडकं त्याच्या हाती द्यावं आणि शेजारी बसून पुसायला शिकवावं. सांडण्याची भीती गेली की मूल स्वतःहून पाणी वाढायला पुढे येतं.

आता उठा. डोळे चोळा, ओट्याकडे पुन्हा एकदा पाहा. मघाशी जे सगळं एकाच पसाऱ्यासारखं दिसत होतं त्यातलं कशाला फडकं, कशाला कागद, कशाला नुसतं ऊन, हे आता ओळखता येईल. सावकाश पुसायला घ्या, तुमच्या वाट्याचं तेवढंच. आणि आज एवढं करा: धुतलेली सुती फडकी आणि कागदाचा रोल घरातल्या सर्वात लहान माणसाचा हात पोहोचेल अशा खुंटीवर ठेवा, आणि संध्याकाळी सगळे जेवायला बसले की सांगा, ज्याच्या हातून सांडेल त्यानंच पुसायचं.